यंत्र आपले, किल्ली परक्याची

इ. स. १७३९ च्या मे महिन्यात वसईचा किल्ला पोर्तुगीजांच्या हातून मराठ्यांच्या हाती आला. मोहीम चालू असताना चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरी देवीला नवस बोलला होता, असे परंपरा सांगते. किल्ला सर झाला तर देवीचे मंदिर उभारीन, असा तो नवस. किल्ला सर झाला आणि अप्पांच्या आज्ञेवरून सुभेदार शंकर केशव फडके यांनी आजच्या भिवंडी तालुक्यात वज्रेश्वरीचे मंदिर उभे केले. त्या मंदिराच्या प्रवेशद्वारावरचा नगारखाना पाळलेल्या शब्दाची साक्ष देत आजही उभा आहे. शब्द दिला की तो फेडायचा असतो, ही गोष्ट त्या काळी कोणाला कायद्याच्या पुस्तकातून शिकावी लागत नव्हती.

त्याच वज्रेश्वरीच्या पंचक्रोशीत आज चैत्रातील जत्रा असो, नवरात्र असो वा लग्नाच्या आदल्या दिवशीची हळद असो, वाद्यांचा नाद विजेवर चालतो. बेंजो, की-बोर्ड, ऑक्टोपॅड आणि गिटार यांवाचून मांडव सजत नाही. ही वाद्ये वाजविणारी मुले शेतकऱ्यांच्या, यंत्रमाग कामगारांच्या, गोदामात राबणाऱ्यांच्या घरातली. लग्नसराईच्या चार महिन्यांत जे हाती पडेल त्यावर त्यांचे उरलेले वर्ष सरते. गिटारच्या आणि बेंजोच्या तारांवर उमटणारा कोरडा नाद थेट भोंग्यातून ऐकविला तर कोणी थांबणार नाही. तो आधी एका पेटीतून जातो. ती पेटी त्याला घुमारा देते, धार देते, लांबवर विरत जाणारा प्रतिध्वनी देते. वादक तिला 'प्रोसेसर' म्हणतात. ती पायाने दाबून चालवितात, म्हणून दोन्ही हात वाद्यावर मोकळे राहतात.

जुन्या पेट्यांत तारा, रोधक आणि सुटे भाग असत. नव्या पेट्या म्हणजे संगणक आहेत. निर्वात नळ्यांवर चालणाऱ्या नामांकित विदेशी ध्वनिवर्धकांचा आवाज त्या गणिताने हुबेहूब उभा करतात. म्हणूनच अशा पेटीचे खरे मोल तिच्या पत्र्यात नसते, आतल्या आज्ञावलीत असते. ती आज्ञावली कारखान्यातून निघताना पूर्ण असेलच असे नाही. 'आज घ्या, उरलेले नंतर येईल,' हा या व्यापाराचा नवा मंत्र आहे. वादाचे मूळ इथेच आहे.

चार वर्षांचे 'लवकरच'

फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथील न्यूरल डीएसपी या कंपनीने जानेवारी २०२० मध्ये 'क्वाड कॉर्टेक्स' नावाचा प्रोसेसर जाहीर केला. २०२१ च्या प्रारंभी तो ग्राहकांच्या हाती पडू लागला. आपल्याकडे त्याची किंमत लाखाहून अधिक होते. जगभरच्या गिटारवादकांनी त्याचे स्वागत केले आणि त्याला कारणही होते. यंत्र खरोखरच बुद्धिमान होते, बांधणीने देखणे होते. पण विक्रीच्या वेळी सांगितलेल्या गोष्टींपैकी एक मोठी गोष्ट त्यात नव्हती. कंपनीने संगणकासाठी विकलेल्या ध्वनिप्रणाली या पेटीतही चालतील, असे प्रथमपासून सांगितले गेले होते. त्या भरवशावर अनेकांनी आधी प्रणाली घेतल्या आणि मग पेटी घेतली. संगणकाच्या मोठ्या पडद्यावरून पेटीची जुळवणी करण्याची सोय मिळण्यास २०२३ साल उजाडले. प्रणाली चालविण्याची सोय २०२४ मध्ये आली. तीही सर्व प्रणालींसाठी एकदम आली नाही, हप्त्याहप्त्याने येत राहिली. त्याच २०२४ मध्ये कंपनीने 'नॅनो कॉर्टेक्स' नावाची धाकटी पेटीही बाजारात आणली. थोरल्या पेटीचे जुने देणे हप्त्यांनी फिटत असताना नव्या पेटीची जाहिरात पाहणाऱ्या ग्राहकाला काय वाटले असेल, हे सांगण्यास मानसशास्त्रज्ञ लागत नाही.

या चार वर्षांत ग्राहकांचा संताप जगभर व्यक्त झाला. त्यांना उत्तर मिळे ते एका शब्दाचे: लवकरच. या शब्दाला दिनांक नसतो आणि म्हणून तो कधी खोटाही ठरत नाही. घर बांधणारा विकासक 'लवकरच ताबा' म्हणू लागला, तेव्हा या देशातील मध्यमवर्गीय कुटुंबांनी त्या शब्दाची किंमत भाड्याचे घर आणि कर्जाचा हप्ता अशी दुहेरी मोजली आहे. अखेर २०१६ चा स्थावर संपदा कायदा आला आणि विकासकाला ताब्याचा दिनांक नोंदवून द्यावा लागला. यंत्र विकणाऱ्याला मात्र असा दिनांक अद्याप कोणी विचारलेला नाही.

न्याय्य दृष्टीने कंपनीची बाजूही मांडली पाहिजे. तिने दिलेला शब्द उशिरा का होईना पाळला आणि नव्या सोयींसाठी वेगळे पैसे मागितले नाहीत. आज्ञावली लिहिणे हे जोखमीचे काम असून घाईत सोडलेली आज्ञावली भर कार्यक्रमात यंत्र बंद पाडू शकते, हेही खरे. त्या काळात महामारी होती आणि जगभर इलेक्ट्रॉनिक चकत्यांचा दुष्काळ होता. हे सारे मान्य केले तरी एक प्रश्न उरतोच. काम अवघड होते, तर ते होण्यापूर्वीच विकले कशासाठी? शेतकरी उभ्या पिकावर उचल घेतो तेव्हा व्यापारी त्याच्याकडून व्याज वसूल करतो. येथे ग्राहकाने कंपनीला चार वर्षांची उचल दिली आणि व्याजाचे नावही निघाले नाही. ग्राहकाच्या पैशावर संशोधन करायचे, ग्राहकालाच चाचणीसाठी वापरायचे आणि त्याने विचारणा केली की संयमाचा उपदेश करायचा, या रीतीला व्यापार म्हणणे कठीण आहे.

हार्मोनियम आपली झाली, ही पेटी का होत नाही?

विदेशी यंत्राच्या नावाने नाक मुरडणे म्हणजे स्वदेशी, असा समज करून घेणारे स्वदेशीला ओळखतच नाहीत. हार्मोनियम युरोपातून आली. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास तिला भारतीय बैठकीस योग्य असे हाताच्या भात्याचे रूप दिले आणि पुढे गोविंदराव टेंबे यांच्या बोटांखाली ती मराठी रंगभूमीची झाली. आज गावोगावच्या भजनी मंडळातील पेटीला विदेशी म्हणण्याचे धाडस कोण करील? वज्रेश्वरीच्या मांडवात वाजणारा बेंजो तर थेट जपानचा. नागोया येथील मोरिता गोरो यांनी १९१२ मध्ये 'ताइशोगोतो' हे कळांचे तंतुवाद्य तयार केले. ते भारतात येऊन बुलबुलतरंग झाले, त्याला वीज जोडली गेली आणि कोळी-आगरी समाजाच्या हळदीत ते असे रुळले की, त्याचे जपानी कूळ आज वादकालाही ठाऊक नसते.

हे घडू शकले, कारण ती वाद्ये उघडता येत होती. सुताराने पेटी खोलली, सूर घासले, भाता बदलला. कारागिराने बेंजोच्या तारा वाढविल्या, कळा बदलल्या. त्यासाठी नागोयाची अनुमती मागावी लागली नाही. मिरजेत शस्त्रांना पाणी देणाऱ्या शिकलगार घराण्यांनी तंबोरा आणि सतार घडविण्याची विद्या हस्तगत केली आणि दीडशे वर्षांहून अधिक काळ सांभाळली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ते या हातांच्या स्वातंत्र्याचे फळ आहे. भिवंडीचा यंत्रमागही बाहेरूनच आला. पण तो अडला की गल्लीतला जॉबर येतो, पाना फिरवितो आणि दुसऱ्या पाळीच्या आत माग चालू होतो. यंत्र परके असले तरी त्याची किल्ली आपल्या गल्लीत होती.

नव्या पेटीत नेमके हेच उरलेले नाही. तिची आज्ञावली कुलूपबंद आहे. ती वाचता येत नाही, दुरुस्त करता येत नाही. कोणत्या त्रुटीकडे आधी पाहायचे आणि कोणतीकडे कधीच नाही, याचा निर्णय हजारो मैलांवरच्या कार्यालयात होतो. पेटी ग्राहकाच्या घरात असते, पावती त्याच्या नावाची असते. पण व्यवहारात तो त्या पेटीचा भाडेकरू असतो. उद्या कंपनीने या पेटीकडे पाठ फिरविली, तर जॉबर शोधून सापडणार नाही. पुण्यातल्या ध्वनिमुद्रणगृहाच्या मालकाला ही गैरसोय वाटेल. लग्नसराईच्या तोंडावर कर्ज काढून पेटी घेतलेल्या वज्रेश्वरीच्या मुलाला हा पोटाचा प्रश्न आहे. भिवंडी तालुक्यातील महाकाय गोदामांत देशोदेशीचा माल उतरतो आणि घरपोच होतो. माल येण्याचा रस्ता रुंद झाला. तक्रार परत जाण्याचा रस्ता मात्र पाऊलवाटच राहिला.

गिटारच्या पेटीपुरतीच ही कथा असती तर तिला या पानांत स्थान मिळाले नसते. दूरचित्रवाणी संच, मोटार, शेतातील ट्रॅक्टर, रुग्णालयातील यंत्रे या सर्वांचा प्राण आता आज्ञावलीत गेला आहे. वादकाला आज जे भोगावे लागते, ते उद्या शेतकऱ्याला आणि परवा राष्ट्राच्या सुरक्षेला भोगावे लागेल. परावलंबन आरंभी नेहमी सोयीच्या रूपाने येते.

कायदा काय म्हणतो आणि कुठे गप्प बसतो

ग्राहकाने हताश होण्याचे मात्र कारण नाही. २४ डिसेंबर १९८६ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ग्राहक संरक्षण कायद्याची जागा २०१९ च्या नव्या कायद्याने घेतली आणि तो २० जुलै २०२० पासून अमलात आला. त्यातील 'दोष' या शब्दाची व्याख्या वाचण्याजोगी आहे. विक्रेत्याने कोणत्याही प्रकारे केलेल्या दाव्यानुसार वस्तूत जो दर्जा असायला हवा, त्यात उणीव असेल तर तोही दोष होय. म्हणजे जाहिरातीत सांगितलेली सोय पेटीत नसेल, तर 'ती पुढे येणार आहे' एवढ्याने विक्रेत्याची सुटका होते का, हा प्रश्न आयोगासमोर मांडता येतो. ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यातील आयोगाकडे दाद मागता येते. म्हणजे वज्रेश्वरीच्या वादकाला ठाणे जिल्ह्याबाहेर पाऊल टाकावे लागत नाही. पाच लाख रुपयांपर्यंतच्या वस्तूच्या तक्रारीस शुल्क नाही. धंद्यासाठी घेतलेली वस्तू या कायद्याच्या बाहेर असली, तरी स्वयंरोजगारातून केवळ पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू बाहेर नाही. मांडवात वाजविणारा मुलगा कायद्याच्या नजरेत ग्राहकच आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण उत्पादकाला आणि जाहिरातीतल्या नामवंतालाही दहा लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते.

पण कायद्यात एक फटही आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत ती दाखल करावी लागते. विलंबाचे समाधानकारक कारण दिले तरच आयोग सवलत देतो. आता हिशेब करावा. शब्द चार वर्षांनी पाळायचा आणि दावा दोन वर्षांत करायचा! 'लवकरच' या शब्दावर विश्वास ठेवून थांबलेला सज्जन ग्राहक मुदतीबाहेर जातो. या व्यवस्थेत संयमालाच शिक्षा होते.

युरोपने या बाबतीत पाऊल उचलले आहे. वस्तूविक्रीसंबंधी २०१९ चा युरोपीय निर्देश १ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. त्यानुसार, ज्या वस्तूत आज्ञावली अंगभूत आहे, तिला करारानुरूप ठेवण्यासाठी लागणाऱ्या सुधारणा ग्राहक वाजवी अपेक्षा करील तितक्या काळापर्यंत पुरविणे हे विक्रेत्याचे बंधन आहे. फिनलंड युरोपीय संघातच आहे. एकच पेटी हेलसिंकीत विकली गेली तर ग्राहकाच्या पाठीशी हे स्पष्ट कलम उभे राहते आणि वज्रेश्वरीत विकली गेली तर राहत नाही. पैसे मात्र आपला ग्राहक कमी मोजत नाही. भारत सरकारने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या अधिकारासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्यासाठीचे संकेतस्थळ सुरू केले. शेती अवजारे, मोबाईल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने ही क्षेत्रे त्यासाठी निवडली गेली. उपक्रम स्तुत्य आहे. पण आज्ञावलीतील सुधारणा किती वर्षे आणि कोणत्या दिनांकापर्यंत द्यायची, याचे कलम जोपर्यंत कायद्यात उतरत नाही, तोपर्यंत हा अधिकार अर्धाच राहील.

ग्राहक राजा नव्हे, संघटित नागरिक

'ग्राहक राजा आहे' हे वाक्य पाश्चात्य बाजाराने प्रचारात आणले आणि राजाला एकटे ठेवून लुटले. भारतीय ग्राहक चळवळीची दृष्टी वेगळी होती. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचे कार्य आरंभिले, तेव्हा उत्पादक, विक्रेता आणि ग्राहक हे एकाच समाजदेहाचे अवयव आहेत, ही त्यामागील भूमिका होती. १९७५ साली उभ्या राहिलेल्या मुंबई ग्राहक पंचायतीच्या संस्थापकांत संगीतकार सुधीर फडके होते, हे आज किती वादकांना ठाऊक आहे? दादरा-नगर हवेलीच्या मुक्तिसंग्रामात १९५४ मध्ये उतरलेल्या या स्वरसाधकाला तेल-साखरेच्या वाजवी भावासाठी घरोघरचे ग्राहक एकत्र आणणे कमीपणाचे वाटले नाही. संगीत आणि ग्राहकहित यांचा संबंध काय, असे विचारणाऱ्यांना बाबूजींच्या चरित्रात उत्तर सापडेल.

एकट्या ग्राहकाच्या पत्राला 'लवकरच' असे उत्तर मिळते. शंभर ग्राहकांच्या एकत्रित निवेदनाला दिनांक द्यावा लागतो. म्हणून वाद्यवृंद, बेंजो पथके, संगीत शिक्षक आणि वाद्यविक्रेते यांना तालुकापातळीवर एकत्र आणण्याचे काम ग्राहक चळवळीतील कार्यकर्त्यांनी हाती घ्यावे. वस्तू घेताना जाहिरातीची प्रत जपून ठेवणे, आज पेटीत काय आहे आणि पुढे काय येणार आहे हे पावतीवर वेगवेगळे लिहून घेणे, दिनांक न देणाऱ्याच्या आश्वासनाची किंमत शून्य धरणे, ही शिस्त घराघरात रुजली पाहिजे. शासनाकडे मागण्या दोनच असाव्यात. आज्ञावलीवर चालणाऱ्या प्रत्येक वस्तूच्या वेष्टनावर सुधारणा कोणत्या वर्षापर्यंत मिळतील, हे छापणे बंधनकारक करावे. आणि जिथे भविष्यातील सोय सांगून वस्तू विकली गेली, तिथे तक्रारीची दोन वर्षे ती सोय प्रत्यक्ष मिळाल्यापासून, किंवा ती मिळणार नाही हे स्पष्ट झाल्यापासून मोजावीत.

यापुढचे काम अधिक मोठे आहे. बंगळूरचे अभियंते आणि बासरीवादक जी. राज नारायण यांनी १९७९ मध्ये इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार केला. त्यांच्या 'राडेल' कंपनीची यंत्रे रियाज करणाऱ्या असंख्य घरांत पोहोचली. गायकाला काय हवे, हे त्यांना कोणत्याही सर्वेक्षणाशिवाय कळत होते, कारण ते स्वतः वादक होते. मुंबईच्या ॲनिमल फॅक्टरी ॲम्प्लिफिकेशनने गिटारसाठी पायाने चालविण्याची पेडले घडविली आणि ती विदेशांतील वादकांपर्यंत नेली. म्हणजे या भूमीत बुद्धी नाही असे कोणी म्हणू नये. जगाच्या आज्ञावली लिहिणारे सहस्रावधी हात पुणे, बंगळूर आणि हैदराबाद येथे राबत आहेत. ते दुसऱ्याच्या पेटीसाठी राबतात, एवढीच खंत आहे. बेंजोच्या तारेला, हळदीच्या तालाला, भजनाच्या ठेक्याला काय हवे, हे हेलसिंकीतल्या अभियंत्याला कधीच कळणार नाही आणि तो त्याचा दोषही नाही. ते ज्याच्या कानावर लहानपणापासून पडले आहे, त्यानेच ती पेटी बनवली पाहिजे आणि ती बनवताना किल्ली वादकाच्या हाती ठेवली पाहिजे.

स्वदेशी पेटी बनविणाऱ्यानेही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. उद्या त्यानेही दिनांकावाचून 'लवकरच' म्हटले, तर केवळ भारतीय शिक्का पाहून त्याला क्षमा करण्याचे कारण नाही. दिलेल्या शब्दाचा हिशेब परक्याकडे मागायचा आणि आपल्याकडे मागायचा नाही, ही स्वदेशी नव्हे. आपल्या माणसाकडे तो अधिक कठोरपणे मागितला जातो, म्हणूनच आपला माल उत्तम होतो. ज्या दिवशी वज्रेश्वरीच्या मांडवातला वादक दुकानदारासमोर पेटी ठेवून विचारील, 'यात आज काय आहे ते दाखवा, उद्याचे दिनांकासह लिहून द्या,' त्या दिवसापासून या बाजाराला शिस्त लागू लागेल.